आपल्या हवेला साजेसा टायर

परदेशात राहणारे नातेवाईक सुट्टीत घरी आले की हिवाळी टायरचा विषय निघतो. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर लावणे कायद्याने बंधनकारक आहे. ते ऐकून आपल्याकडची मुले विचारतात, आपणही थंडीत टायर बदलावेत का? आमचे उत्तर स्पष्ट आहे: नांदेड-लातूरला त्याची गरज नाही. हिवाळी टायरचे रबर मऊ असते. पारा ७ अंशांखाली गेला तरी ते कडक होत नाही, म्हणून बर्फात पकड टिकते. आपल्याकडे थंडीतही दुपारी ऊन असते. तापलेल्या डांबरावर ते रबर लवकर झिजेल आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायलाही जास्त अंतर लागेल.

आपल्या टायरची खरी परीक्षा उन्हाळ्यात असते. मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, रस्ता त्याहून अधिक तापतो. लग्नसराईही तेव्हाच. सात जणांच्या गाडीत नऊ जण, वर वलीम्याचे सामान, आणि अहमदपूर-लोहा मार्गे नांदेड गाठायची घाई! अशा वेळी टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याची बाजू सतत दबते, आतून तापते आणि भर वेगात टायर फुटतो. पुष्कळांना वाटते की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी. हा समज घातक आहे. चालून तापलेल्या टायरची हवाही सोडू नये.

हवा किती हवी हे चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेले असते. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असेल तर कुटुंबासह निघताना तोच पाळावा. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासावी. तापमान १० अंशांनी उतरले की दाब साधारण दीड-दोन पीएसआयने घटतो. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे कमी भरते. आपल्या हिवाळ्यात टायरसाठी एवढीच काळजी पुरे. स्टेपनीची हवाही विसरू नये.

पावसाळ्यात प्रश्न नक्षीचा. टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकतात. त्या झिजल्या की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग ऐकत नाही. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, कारच्या टायरमध्ये त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलावा. शेतरस्त्यावरून आल्यावर खाचांत बसलेली काळी माती धुऊन काढावी.

नवा टायर घेताना त्याच्या बाजूवरचे आकडे वाचावेत. '१८५/६५ आर १५ ८८ एच' म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रेडियल बांधणी आणि १५ इंची रिम. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलोपर्यंत भार, आणि 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत वेग. कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी भाराचा किंवा कमी वेगाचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. चार अंकी तारीखही पाहावी: '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी, कारण नक्षी चांगली दिसली तरी रबर जुने होते. जुन्या बाजारातल्या टायरचे वय आणि आतली इजा वरून कळत नाही. तिथे वाचवलेले हजार-दोन हजार रुपये घरच्यांच्या जिवापुढे काहीच नाहीत. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू घसरत नाही.

भगिनींनो, ही तपासणी फक्त पुरुषांची नाही. हवा मोजायचे मीटर काही शे रुपयांत मिळते, आणि वापरायला दहा मिनिटे पुरतात. पुढच्या सफरीआधी दुआ कराच, आणि गाडीच्या चारही बाजूंनी एकदा फिरूनही या.