रंगाआधी कागद

करमाळा तालुक्यात जेऊरच्या आसपास एखाद्या वस्तीवर पत्र्याच्या शेडखाली जुनी जीप उभी असेल आणि घरच्यांनी ती विकायचं ठरवलं, तर पहिला विचार बहुधा रंगाचा होतो. डेंटिंग-पेंटिंग करू, सीटचं रेक्झिन बदलू, चार नवे टायर टाकू, मग गिऱ्हाईक येईल, असा हिशेब मांडला जातो. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. गाडी पहिल्यापासून एकाच घरात, एकाच नावावर राहिली असेल, तर रंगाला हात लावण्याआधी घरातली लोखंडी पेटी उघडावी. खरेदीची पावती, जुनं आरसी बुक, टॅक्स आणि विम्याच्या पावत्या, गॅरेजची बिलं, बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र, गाडीपाशी काढलेला लग्नातला फोटो, या सगळ्याला नव्या रंगापेक्षा जास्त मोल आहे. रंग कधीही देता येतो. साठ वर्षांपूर्वीची पावती आज कुठल्याच गॅरेजात तयार होत नाही.

अमेरिकेत हे फार स्पष्ट दिसतं. १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून तिथे ‘मसल कार’चं युग सुरू झालं असं सर्वसाधारणपणे मानतात. मध्यम आकाराच्या, नोकरदाराला परवडणाऱ्या गाडीत मोठं आठ सिलिंडरचं इंजिन, अशी ती गाडी. साध्या आणि ताकदवान मॉडेलचा सांगाडा जवळपास सारखाच असल्याने पुढे साध्या गाडीत मोठं इंजिन बसवून, वर पट्टे रंगवून ती महाग मॉडेल म्हणून खपवण्याचे प्रकार झाले. त्यामुळे जाणता गिऱ्हाईक आधी चासी नंबर आणि इंजिनावरचा ठसा ताडून पाहतो. क्रायस्लरच्या गाड्यांत तर सीटच्या स्प्रिंगांमध्ये अडकून राहिलेला कारखान्यातला कागदही शोधला जातो, कारण ती गाडी कोणत्या इंजिनासह बाहेर पडली हे त्यावर लिहिलेलं असतं. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली फोर्ड मस्टँग १९७४ मध्ये एका कुटुंबाने ६,००० डॉलरला घेतली. १९७७ मध्ये मॅक्वीनने ती परत मागणारं पत्र लिहिलं. कुटुंबाने गाडी दिली नाही, पत्र मात्र जपलं. जानेवारी २०२० मध्ये ती लिलावात गेली तेव्हा रंग जुनाच, जागोजागी गंजलेला होता. तिला कमिशनसह ३७ लाख ४० हजार डॉलर मिळाले.

यावर कोणी म्हणेल, हा भाव सिनेमाचा, कागदाचा नव्हे. भाव सिनेमामुळे चढला हे खरं आहे. पण ‘हीच ती गाडी’ हे नुसतं तोंडाने सांगून कोणी लाखो डॉलर मोजत नाही. चासी नंबर, एकाच घरातला सलग ताबा आणि ते पत्र एकमेकांशी जुळलं, म्हणून सिनेमाचं मोल त्या लोखंडाला चिकटलं.

आपल्या भागात मसल कार आली नाही, त्याला कारण आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जोडल्या. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ पासून होता. पण १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघींनी इथलं काम आवरलं आणि आयातीची वाट अरुंद झाली. शेतरस्त्यापर्यंत पोचलेली अमेरिकी घडणीची गाडी म्हणजे महिंद्राने १९४७ पासून जोडायला घेतलेली विलीज जीप. तिचं पेट्रोल इंजिन तेल फार पीत असे, म्हणून पुढे अनेकांनी त्या जागी डिझेल इंजिन बसवून घेतलं. व्यवहाराच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. मात्र ही अदलाबदल आरसी बुकावर चढवलेली नसेल, तर आज गाडी एक आणि कागद दुसरंच सांगतो, आणि सौदा तिथेच अडतो. फेरफार न झालेला सातबारा घेऊन जमीन विकायला निघावं, तशी ही गत.

नव्या नियमांनी हा फरक आणखी धारदार केला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत १० वर्षं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी त्यात बसत नाही, आणि बसलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. रानात जा-ये करायला जीप हवी असलेल्या माणसाने या वाटेला जाऊ नये. संग्राहकाला मात्र मूळ इंजिनाचीच जीप लागते, आणि इंजिन मूळ आहे हे आरसी बुकच सांगतं.

कागद खोटे करता येत नाहीत का? एखादा येतो. पण चाळीस वर्षांच्या पावत्या, वेगवेगळ्या शाया, वेगवेगळे शिक्के, मिस्त्रीच्या बिलावरचं किलोमीटरचं वाढत जाणारं रीडिंग, हे सगळं एकमेकांशी जुळवणं कठीण, आणि शेवटी आरटीओची नोंद असतेच. करमाळ्याचं काम आता अकलूजला चालतं. पूर्वीचं पासिंग सोलापूरचं असेल, तर जुनी नोंद नव्या प्रणालीत चढली आहे का हे जाहिरात देण्याआधीच पाहावं. दुसरी शंका अशी, की इथे एवढा भाव देतो कोण? मस्टँगचा भाव जीपला मिळणार नाही, तशी आशा कोणी दाखवू नये. पण नोंदणीचं नूतनीकरण होऊ न शकणारी जीप किलोच्या भावाने भंगारात जाते. कागद असलेली जीप पुण्या-मुंबईच्या संग्राहकापर्यंत पोचते. हा फरक लहान नाही. आणि रंग नको म्हणजे दुरुस्ती नको, असं नव्हे: ब्रेक लागले पाहिजेत, तेल गळता कामा नये, गाडी स्वतःच्या चाकांवर अंगणाबाहेर आली पाहिजे.

खरी अडचण वेगळीच असते. ज्यांच्या नावावर गाडी आहे ते आजोबा वारलेले असतात आणि नाव तसंच राहिलेलं असतं. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवून, तीन महिन्यांत ३१ नंबरच्या फॉर्मवर वारसाच्या नावे गाडी करून घ्यायची असते. उशीर झाला असेल तरी आधी हेच उरकावं आणि भावा-बहिणींची संमती लेखी घ्यावी. मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून गाडी घेणाऱ्याच्या नावावर चढल्याची खात्री करावी. कोऱ्या फॉर्मवर सही करून चावी देऊ नये. नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, आणि अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या खटल्यातली गाडी एकामागून एक अनेक हातांत विकली गेली होती. नोंदीत नाव मात्र पहिल्या मालकाचंच राहिलं होतं.