पेपर प्रकल्पाचा, लेखांक 4 : कोणता अनुभव धरायचा?

नागपूर जिल्ह्यातल्या खाप्याला लागूनच गुमगावची मँगनीज खाण आहे, ‘मॉइल’ कंपनीची. अशा खाणीत दहा-बारा वर्षं काढलेला इंजिनिअर पीएमपी या प्रकल्प-व्यवस्थापनाच्या परीक्षेचा अर्ज भरायला बसला, की अनुभवाच्या रकान्यापाशीच अडतो. पाळ्या लावणं, पंप चालू ठेवणं, रोजचं खनिज वर काढणं ही कामं कितीही जिकिरीची असोत, त्यांना प्रकल्प म्हणत नाहीत. नवा उभा शाफ्ट खोदणं मात्र प्रकल्प, कारण त्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि मंजूर खर्चाची मर्यादा आहे. चार वर्षांची पदवी असलेल्याकडून पीएमआय, म्हणजे ही परीक्षा घेणारी संस्था, असा 36 महिन्यांचा अनुभव मागते, शिवाय 35 तासांचं प्रशिक्षण.

अर्ज मंजूर झाला, की खरी गोम कळते. या परीक्षेत पाठांतर फारसं कामाला येत नाही.

नमुन्याचा प्रश्न पाहा. कालव्याचं काम गावकऱ्यांनी अडवलं. व्यवस्थापकाने आधी काय करावं? वरिष्ठांना कळवावं, ठेकेदाराला नोटीस द्यावी, वेळापत्रक बदलावं, की गावात जाऊन हरकत नेमकी काय आहे ते समजून घ्यावं? सरकारी शिस्तीत मुरलेला उमेदवार डोळे मिटून पहिला पर्याय निवडतो. बरोबर उत्तर शेवटचं. पीएमआयच्या हिशेबी साहेबाकडे धाव घेण्याआधी व्यवस्थापकाने आपल्या अखत्यारीतलं सगळं करून पाहायचं असतं. म्हणजे अनुभव जितका जुना, तितकी खोड मोडणं अवघड.

असे प्रश्न विदर्भाला काही परके नाहीत. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 साली झालं तेव्हा खर्चाचा अंदाज 372 कोटींचा होता. पुढे तो 18 हजार कोटींवर गेला. भूसंपादन, पुनर्वसन, रखडलेले कालवे... अभ्यासातल्या ‘हितसंबंधी’ आणि ‘जोखीम’ या प्रकरणांना याहून जवळचं उदाहरण कुठलं शोधायचं?

परीक्षेतलं गणित त्या मानाने सोपं. समजा, पाण्याच्या टाकीला 40 लाख मंजूर आहेत. निम्मं काम झालं, म्हणजे 20 लाखांचं. खर्च मात्र 25 लाख झाला. वीसला पंचविसाने भागा: 0.8. हा खर्च-निर्देशांक. हाच वेग राहिला तर टाकी 50 लाखांना पडणार. सूत्र घोकण्यापेक्षा आपल्याच एखाद्या कामाची आकडेमोड करून पाहिली तर ते पक्कं बसतं.

2021 पासूनच्या नमुन्यात 230 मिनिटांत 180 प्रश्न होते. साठ-साठ प्रश्नांनंतर दहा मिनिटांची सुट्टी, आणि सुट्टी घेतली की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही. नमुना अधूनमधून बदलतो, म्हणून पुस्तक विकत घेण्याआधी चालू आराखडा पाहावा. मराठीत ही परीक्षा देता येत नाही.

आता पुन्हा अर्जाकडे. काही अर्ज छाननीसाठी निवडले जातात. मग त्या-त्या कामावरच्या वरिष्ठाची सही आणावी लागते. तेव्हा बदली झालेल्या, निवृत्त झालेल्या साहेबांचे फोन नंबर अर्ज भरण्याआधीच मिळवून ठेवा.