ढगातले थेंब कसे मोजतात?

पावसाळ्यात सिंहगडावर गेलो की ढग अंगावरून जातात. कपडे ओलसर होतात, पण पाऊस पडतोच असे नाही. ढगात पाणी असूनही एखादा ढग बरसतो आणि दुसरा तसाच निघून जातो, असे का? याचे उत्तर बऱ्याच अंशी ढगातील थेंबांच्या आकारात दडलेले आहे.

ढगातल्या बारीक थेंबाला आपण मेघबिंदू म्हणू. त्याची त्रिज्या साधारण १० मायक्रॉन असते. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पावसाच्या थेंबाची त्रिज्या १ मिलिमीटर धरली, तर ती मेघबिंदूच्या १०० पट झाली. म्हणजे आकारमान १०० × १०० × १००, अर्थात १० लाख पट! पावसाचा एक थेंब तयार व्हायला एवढे मेघबिंदू एकत्र यावे लागतात.

ते एकत्र येतात कसे? ज्या ढगांत बर्फ नसतो, तेथे मुख्यतः टकरींमुळे. १० मायक्रॉनचा बिंदू स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम १ सेंटिमीटर खाली येतो. सगळेच बिंदू इतके बारीक असले तर कोणी कोणाला गाठत नाही. पण त्यांत काही मोठे असले, तर ते वेगाने खाली येताना वाटेतल्या लहानांना सामावून घेतात. म्हणून कोणत्या आकाराचे किती बिंदू आहेत, हे कळणे महत्त्वाचे. जमिनीवरील पावसाच्या रडारला मोठे थेंब ठळक दिसतात, बारीक बिंदू जवळजवळ दिसतच नाहीत. त्यासाठी ढगातच शिरावे लागते.

पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात बारामतीच्या परिसरात ढगांत मिठाची पूड फवारण्याचे प्रयोग केले. त्या काळी मेघबिंदू मोजण्याची पद्धत शाळेतल्या प्रयोगासारखी होती. मॅग्नेशियमची फीत जाळली की पांढरी पूड मिळते, हे आपण वर्गात दाखवतो. काचपट्टीवर त्याच पुडीचा थर बसवायचा आणि विमान ढगात असताना ती पट्टी क्षणभर बाहेरच्या हवेत धरायची. बिंदू आदळला की थरात खळगा पडतो. पाणी उडून जाते, खळगा राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा व्यास मोजून ०.८६ ने गुणला की बिंदूचा व्यास मिळतो. अडचण अशी, की अगदी बारीक बिंदू हवेच्या झोताबरोबर पट्टीला वळसा घालून निसटतात. शिवाय शेकडो खळगे डोळ्यांनी मोजायचे!

आता हे काम लेसर करतो. विमानाच्या पंखाखाली बसवलेल्या उपकरणात लेसरचा किरण असतो. बिंदू त्यातून गेला की प्रकाश विखुरतो. ढोबळमानाने बिंदू जितका मोठा, तितका पुढच्या दिशेला विखुरलेला प्रकाश जास्त. त्यावरून २ ते ५० मायक्रॉन व्यासाचे बिंदू मोजता येतात. ठरावीक आकाराचे काचेचे मणी सोडून उपकरण आधी पारखून घेतात. दोन बिंदू एकदम किरणात आले, तर मात्र एकच मोठा बिंदू असल्याचा भास होतो. ती चूक गणिताने दुरुस्त करावी लागते.

एक हिशोब करून पाहू. किरणाच्या ज्या भागात मोजणी होते, त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.३ चौरस मिलिमीटर असते. विमानाचा वेग सेकंदाला १०० मीटर धरला, तर दर सेकंदाला ३० घन सेंटिमीटर हवा तपासली जाते. एका घन सेंटिमीटरमध्ये ३०० बिंदू असतील, तर सेकंदाला ९,००० बिंदूंची नोंद होते. पण मोठा थेंब एक लिटर हवेत एखादाच असला, तर तेवढी हवा तपासायला ३३ सेकंद, म्हणजे ३ किलोमीटरहून अधिक उड्डाण लागेल. तोवर लहान ढग संपलेला असतो! म्हणून मोठ्या थेंबांची सावली टिपणारे दुसरे उपकरण सोबत लागते.

या संस्थेने २००९ पासून ‘कायपीक्स’ या मोहिमेत देशाच्या निरनिराळ्या भागांतील ढगांत अशी मोजमापे केली. त्यांतून दिसले की हवेत धूलिकण व धूर जास्त असेल तर तेच पाणी अधिक बिंदूंत वाटले जाते, बिंदू लहान राहतात आणि पाऊस सुरू होण्यासाठी ढग अधिक उंच वाढावा लागतो.

हे ज्ञान दुष्काळी भागाला थेट उपयोगी आहे. महाराष्ट्रात २००३, २०१५ आणि २०१९ साली कृत्रिम पावसाचे प्रयत्न झाले. विमान फिरल्यावर पाऊस पडला, तरी तो त्यामुळेच पडला हे कसे ठरवायचे? तो ढग नाहीतरी बरसणारच असेल! म्हणून सोलापूर येथे २०१८ व २०१९ साली योग्य ढग निवडून काहींवर फवारणी केली, काही तसेच सोडले आणि दोहोंची तुलना केली. फवारणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटर भागात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस आढळला. म्हणजे योग्य ढग असेल तर थोडी भर पडते. ढगच नसेल तर फवारणीने काही साधत नाही.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. ताटात चाळलेल्या मैद्याचा बोटभर थर द्या. ताट दोन-तीन सेकंद पावसात धरून लगेच झाका. मैदा वाळला की हलकेच चाळा. थेंबांच्या गोळ्या चाळणीत उरतील. त्या आकारानुसार वेगळ्या करून मोजा व आलेख काढा. रिमझिम आणि वळीव यांचे आलेख शेजारी ठेवले, की विद्यार्थ्यांना फरक आपोआप दिसेल.