तापलेली फियाट आणि ओलं फडकं

मे महिन्यातल्या दुपारी परभणीहून जिंतूरकडे निघालेली पद्मिनी चालताना सहसा कुरकुरत नाही. ती अडते चहाला थांबल्यावर. दहा-पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवावी तर सेल्फ जोमात फिरतो, इंजिन काही उचलत नाही. संध्याकाळी मिस्त्रीसमोर तीच गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते आणि मालक खोटा पडतो.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डी बनू लागली. 1974 मध्ये ती प्रीमियर पद्मिनी झाली, तरी लोकांच्या तोंडी फियाटच राहिली. 1089 सीसीचं साधंसुधं इंजिन, माहेर इटलीचं.

गाडी धावते तोवर पंखा वारा घालतो, रेडिएटरचं पाणी खेळतं, टाकीतलं पेट्रोल पुढे येत राहतं. ती बंद केली की हे सगळं थांबतं आणि लोखंडात कोंडलेली धग वर चढते. बॉनेटखाली खरा उकाडा सुरू होतो तो तेव्हा. पेट्रोलचे हलके घटक तर 40 अंशांच्या आसपासच उकळू लागतात. त्यात टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनाला चिकटलेला. गॅरेजात त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. गारव्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. हा पंप गाडीच्या लांबीभर पेट्रोल ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब उतरतो आणि पेट्रोल आणखी लवकर उकळतं. पंपात वाफ भरली की पडदा नुसताच वरखाली होतो. नव्या गाड्यांचा पंप टाकीतच बसून पेट्रोल पुढे ढकलतो, म्हणून त्यांना हे दुखणं सहसा होत नाही.

उपाय सगळ्यांना पाठ आहे: पंपावर ओलं फडकं. माझी तक्रार आहे ती या फडक्याच्या कीर्तीबद्दल. फडकं टाकून दहा मिनिटं सावलीत बसलं की ठिणगी पुरवणारी कॉइलही निवते, आणि श्रेय मात्र फडक्याला जातं. जुन्या कॉइलमधल्या तारेचं वेष्टण तापल्यावर हात टेकतं, ठिणगी मरते. निवल्यावर परत येते. डेल्कोतला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला, कंडेन्सरही याच जातीचा.

जाणता मिस्त्री पाणी मागण्याआधी ठिणगी पाहतो. ती कडक असेल तर प्लग काढून हुंगतो. कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही. आता फडकं आणा. ओलाचिंब निघाला तर गोष्ट उलटी: कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून आत सांडलंय. मग चोकला हात लावायचा नाही. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. घाबरून पायाने पंप मारत बसलं की गाडी आणखी ‘ओव्हर’ होते.

आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि पंपातला जुना रबरी पडदा त्यासाठी बनलेला नाही. तो कडक झाला की सकाळी कसाबसा ओढतो, दुपारी वाफेपुढे हरतो. तो बदलावा. तोवर गाडी लिंबाखाली लावून चहा होईपर्यंत बॉनेट उघडं ठेवावं.