ब्रेक ‘अचानक’ फेल होत नाहीत

घाटातल्या अपघाताच्या बातमीत ‘ब्रेक फेल झाल्याने’ हे शब्द हमखास येतात. कधी खरोखरच पाइप फुटतो किंवा सिलिंडर गळतो. पण लांब उतारावर ब्रेकचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. ती साचते चालवण्याच्या सवयींमुळे, आणि सवयींच्या मुळाशी असतात काही पक्के गैरसमज.

गैरसमज : ब्रेक चांगले असतील, तर कितीही वेळ दाबले तरी चालतात.

वस्तुस्थिती : पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल दाबाखाली चाकांपर्यंत जोर पोचवतं. कॅलिपरमधला पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. ड्रम ब्रेकमध्ये शूवरचं लायनर ड्रमला आतून घासतं. या घर्षणात गाडीच्या गतीची उष्णता होते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. उतारावर तर वेग न वाढवताही ती जमतच राहते. दीड टनाची मोटार ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा २० लिटरहून अधिक पाणी उकळेल एवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. सगळा भार ब्रेकवर टाकला, तर पॅड तापून त्यांची पकड सुटू लागते.

गैरसमज : उतारावर न्यूट्रल टाकलं की इंधन वाचतं.

वस्तुस्थिती : फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला, की उतारावर इंजिनाचा इंधनपुरवठा बहुधा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं, आणि इंजिनाचा अटकावही जातो. इंजिन बंद करणं तर आणखी घातक : पेडलचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेली निर्वात शक्ती दोन-तीनदा पेडल दाबताच संपते आणि पेडल दगडासारखं होतं. ‘ज्या गिअरने चढायचं, त्याच गिअरने उतरायचं’ हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे.

गैरसमज : पातळी ठीक असली की ब्रेक ऑइल बदलायची गरज नाही.

वस्तुस्थिती : नेहमीचं ग्लायकोलयुक्त ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जातं पण चाकाला जोर पोचत नाही. म्हणून अनेक उत्पादक साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. पातळी हळूहळू उतरत असेल, तर नुसतं टॉप-अप करू नका; पॅड झिजले असतील किंवा गळती असेल.

गैरसमज : ट्रकची हवा गेली की ब्रेकच उरत नाही.

वस्तुस्थिती : बऱ्याच अवजड वाहनांच्या मागच्या चाकांना स्प्रिंग ब्रेक असतो. हवेचा दाब त्या स्प्रिंगला रोखून धरतो; दाब गेला की स्प्रिंग आपोआप ब्रेक लावते. घाटात मात्र हवा पुरेशी असूनही धोका उरतो, कारण तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो.

गैरसमज : एबीएस आहे, म्हणजे गाडी लगेच थांबेल.

वस्तुस्थिती : एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळे जोरात ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते. सुट्या खडीवर थांबण्याचं अंतर उलट वाढू शकतं. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं आहे. पण गुळगुळीत टायरला तेही पकड देऊ शकत नाही.

पेडल मऊ लागलं किंवा जळका वास आला, तर तो इशारा समजा. खालचा गिअर टाका, सुरक्षित जागी थांबा, ब्रेक निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. आणि खाली पोचल्यावर वास गेला म्हणून विसरून न जाता, पॅड, लायनर आणि ऑइल तपासून घ्या.