अणूंच्या पुंजक्यावर लेझर सोडला तर काय होतं?

जुन्नर-आंबेगावच्या पोरांना खोडदची जीएमआरटी नवीन नाही. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आकाशातून येणारे अगदी क्षीण रेडिओ संकेत पकडणाऱ्या. ती चालवणारं केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा भाग आहे. याच संस्थेच्या मुंबईतल्या कुलाबा कॅम्पसमध्ये उलटा खेळ चालतो: तिथे प्रचंड तीव्र प्रकाश तयार करून तो अणूंवर सोडतात.

पल्स किती छोटा?

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून फोनच्या भाषेत सांगतो. प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झचा असेल तर त्याची एक 'टिक' साधारण ०.३३ नॅनोसेकंदाची. लेझरचा पल्स ३० फेमटोसेकंदांचा धरा. एका टिकमध्ये असे दहा हजार पल्स मावतात!

पल्समधली ऊर्जा समजा १० मिलिज्यूल. २०० ग्रॅमचा फोन अर्धा सेंटीमीटर उचलायला एवढीच लागते. पण ती ३० फेमटोसेकंदांत ओतली की पॉवर ३०० गिगावॅटच्या वर जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात अख्ख्या देशाची विजेची कमाल मागणी २५० गिगावॅट होती.

एवढा तीव्र पल्स लेझरचेच भाग जाळेल. म्हणून तो आधी ताणायचा, मग वाढवायचा, शेवटी पुन्हा दाबायचा. १९८५ मधल्या या युक्तीसाठी डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

पुंजकाच का?

कुकरची शिट्टी होते तेव्हा वाफ बाहेर पडून थंड होते, तिचे बारीक थेंब बनतात, म्हणून ती पांढरी दिसते. तसाच दाबाखालचा आरगॉन वायू बारीक छिद्रातून निर्वातात सोडला की थंड होतो आणि हजारो अणू एकमेकांना चिकटून काही नॅनोमीटरचे पुंजके बनतात.

साध्या वायूत अणू विरळ, त्यामुळे बराच प्रकाश आरपार जातो. घन पदार्थात उष्णता आत पसरते. पुंजका मात्र आतून घन पदार्थाइतका दाट, आणि भोवती मोकळी जागा. शोषलेल्या ऊर्जेला पळायला वाटच नाही.

पल्स सुरू होताच प्रकाशाचं विद्युत क्षेत्र अणूंमधून इलेक्ट्रॉन उपटतं. ते आतल्या आत धडकून आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतात. बरेच निसटले की उरतात धनभारित आयन. ते एकमेकांना ढकलतात आणि पुंजका फुटतो. काही आयनांची ऊर्जा दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाते.

टीआयएफआरने काय केलं?

आयनांवर भार असतो, त्यामुळे चुंबक त्यांना वळवतो. एम. कृष्णमूर्ती यांच्या गटाने २०१३ मध्ये 'नेचर फिजिक्स'मध्ये यावरचा उपाय मांडला. आजूबाजूच्या पुंजक्यांमधून जाताना हे वेगवान आयन इलेक्ट्रॉन परत घेतात. भार शून्य, वेग जवळजवळ तोच! असे अणू विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रातून सरळ जातात. सूक्ष्म नक्षी कोरायला किंवा फ्यूजन यंत्रातला प्लाझ्मा तपासायला ते उपयोगी पडू शकतात. आणि हे सगळं मैलभर लांबीच्या प्रवेगकाशिवाय, एका प्रयोगशाळेच्या खोलीत.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. गेलात तर अँटेनासोबत फोटो काढाच, पण तिथल्या शास्त्रज्ञांना कुलाब्याच्या लेझरबद्दलही विचारा.