एका तुऱ्यात १५,००० फुलं

पुण्या-मुंबईच्या फुलबाजारात गोल्डन रॉड जुडीने मिळतो. गुच्छात गुलाबांमधली मोकळी जागा भरायची, एवढंच काम त्याला दिलेलं असतं. त्यातला एकच पिवळा ठिपका खुडून भिंगाखाली धरा. जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा हा ठिपका म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातला अख्खा स्तबक आहे: कडेने दहा-बारा किरणपुष्पं, मधोमध चार-पाच बिंबपुष्पं. प्रत्येकाला स्वतंत्र बी धरते.

हे झाड मूळचं उत्तर अमेरिकेचं. तिथल्या माळावर कॅनडा गोल्डन रॉडच्या जोमदार दांड्यावर असे हजारभर स्तबक सहज येतात. स्तबकाला १५ फुलं धरली तरी एका दांड्यावर १५,००० झाली! बी मिलिमीटरभर, डोक्यावर पांढऱ्या केसांचा झुपका. १०,००० बियांचं वजन फार तर ग्रॅमभर. वारा नेईल तिकडे ती जाते. शिवाय झाड बहुवर्षायू. हिवाळ्यात वरचं सगळं वाळलं तरी जमिनीखालचं मूलक्षोड जिवंत असतं आणि दर वसंतात आजूबाजूला नवे दांडे काढतं. एका बीचं बेट वर्षानुवर्षं पसरत राहतं.

अमेरिकेत उन्हाळा सरताना शिंका सुरू झाल्या की बोट याच्याकडे जातं, आणि हा निव्वळ अन्याय आहे. याचे परागकण जड, चिकट. ते कीटकांच्या अंगाला लागूनच प्रवास करतात. खरा गुन्हेगार त्याच सुमारास फुलणारं रॅगवीड, आपल्या गाजरगवताचा जवळचा भाऊबंद. त्याचं एक झाड हंगामात १ अब्जापर्यंत परागकण हवेत सोडतं.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारा आकडा मात्र लहान आहे. स्मिथसोनियन संग्रहालयात गोल्डन रॉडचे १८४२ पासूनचे वाळवलेले नमुने आहेत. संशोधक लुईस झिस्का आणि सहकाऱ्यांनी त्यांतले पराग तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला: हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे २८० वरून ३९८ वर चढला, तसं परागातलं प्रथिन १८ टक्क्यांवरून १२ वर उतरलं. थंडी पडण्याआधी मधमाश्यांना मिळणारा हा शेवटचा मोठा परागसाठा. त्यावरच पोळ्याला हिवाळा काढायचा असतो. पूर्वी जेवढं प्रथिन परागाच्या दोन खेपांत पोळ्यात यायचं, तेवढ्यासाठी आता तीन खेपा लागतात.